उतरता येईल असा घोडा

ज्या विषयातलं मला काडीचंही कळत नाही, नेमक्या त्याच विषयात लोक माझा सल्ला विचारतात, ही माझी जुनी तक्रार आहे. तक्रार तशी गोडच. गच्ची गळते तर डांबर घालावं की सिमेंट, मुलाला कॉमर्सला घालावं की सायन्सला, मूळव्याधीला सुरण चालतो का, अशा अनेक प्रश्नांवर मी आजवर मोकळ्या मनाने मतं दिली आहेत, आणि ती घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक अजून माझ्याशी बोलतात. पण वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी टेक्सासमधल्या एका दुकानात, काचेच्या कपाटासमोर उभं करून, ‘मामा, यातलं कुठलं पिस्तूल घेऊ?’ असं मला कोणी विचारील, हे स्वप्नातही नव्हतं.

पिस्तुलाशी माझा संबंध दोन बाबतींत आलेला. एक, दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. आणि दोन, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. पहिल्यातल्या दहापैकी चार टिकल्या फुसक्या निघत आणि दुसऱ्यातली एकही गोळी फुकट जात नसे. एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ झालो त्याची ही हकीकत.

२०२४ च्या जुलैत आम्ही उभयता भाचीकडे डॅलसजवळ दोन महिन्यांसाठी गेलो होतो. जाऊन आठवडा झाला नाही तोच कोल्हापूरहून आक्काचा फोन. आक्का माझी थोरली बहीण. माझे केस पांढरे होऊन गळून गेले तरी तिच्या लेखी मी अजून बाळ्याच.

“बाळ्या, कार्टी पिस्तूल घेतेय म्हणे. घरात सहा वर्षांचं पोर आहे. तू तिथे आहेस, मामा आहेस, तिचं मन वळव.”

“मी वळवू?”

“मग काय मी इथून वळवू? जावई तिच्यापुढे बोलत नाहीत. आणि हे बघ, तिला सांग की तो आपला कांबळवाडीचा स्वप्निल रायफल मारतो ते देशासाठी मारतो. हिला कुठलं पदक आणायचंय?”

मागे कोणीतरी खोकलं. तो दाजींचा खोकला होता. मला होकार देणारा होता की नकार, हे विचारायची सोय नव्हती. कारण दाजी आणि मी २०१२ पासून एकमेकांशी बोलत नव्हतो. ते का, ते पुढे येईलच. पण या अबोल्यात आम्ही मोठी प्रगती केली होती. एका पंगतीला शेजारी बसून, ‘आक्का, ह्यांना सांग, मीठ पुढे सरकवा,’ इथपर्यंत आम्ही पोचलो होतो.

मी भाचीला संध्याकाळी गाठलं. मन वळवण्याची माझी पद्धत अशी की आधी समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं. या पद्धतीत एकच दोष आहे. बहुतेक वेळा माझंच मन वळतं.

भाची म्हणाली, “मामा, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये राही सरनोबतला पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळालं, आठवतं? आपल्या कोल्हापूरची मुलगी. मी रात्री जागून पाहिलं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं. दोन वर्षं मी रेंजवर जातेय, भाड्याचं पिस्तूल घेऊन. दिवसभर ऑफिसात मी एका वेळी सहा गोष्टी करते आणि सातवीची काळजी करते. तिथे गेलं की एकच गोष्ट करायची असते. हात स्थिर, श्वास स्थिर, समोर कागद. मन दुसरीकडे गेलं की कागद लगेच सांगतो. मला राग आला असेल तर तोसुद्धा सांगतो.”

“मग गीता वाच,” मी म्हणालो.

“तीही एका धनुर्धराला सांगितली होती,” भाची म्हणाली.

आक्काची मुलगी, दुसरं काय!

तर अशा रीतीने मन वळवायला गेलेला मी शनिवारी सकाळी तिच्याबरोबर दुकानात गेलो. ‘आधी नीट बघू तर खरं,’ अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माणूस घसरतो तो याच वाक्यावरून.

दुकान म्हणजे थेट सराफाची पेढी. काचेची कपाटं, आत मखमल, वर दिवे, आणि मखमलीवर हारांच्या जागी पिस्तुलं. काउंटरमागे एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उभे होते. आपल्याकडे असते तर त्यांना मी डोळे मिटून निवृत्त मामलेदार म्हटलं असतं. त्यांनी भाचीचं ओळखपत्र पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून अत्यंत नम्रपणे विचारलं, “आपण पाहुणे?”

“हो.”

“व्हिसा प्रवासी?”

“हो.”

“मग साहेब, बघा हवं तितकं. पण हात लावू नका.”

तिथला कायदाच तसा आहे. नागरिकाने वयाची एकविसावी ओलांडलेली असावी, दुकानात सरकारी फॉर्म भरावा, एफबीआयच्या यंत्रणेकडून त्याच्याविषयी चौकशी होऊन होकार यावा, की पिस्तूल मिळतं. पण प्रवासी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने शस्त्र बाळगायचं नाही, हातातही घ्यायचं नाही. शिकारीचा परवाना काढलेला असला तर गोष्ट वेगळी. माझी आजवरची शिकार घरातल्या झुरळांपलीकडे गेलेली नसल्यामुळे मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. लहानपणी आजी सोवळ्यात असली की आम्ही पोरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अशीच उभी राहायचो. लाडू दिसायचे, वास यायचा, हात लावायचा नाही. साठ वर्षांनी मी परत ओवळा झालो, आणि तोही पिस्तुलाला!

आजोबांनी भाचीला विचारलं, “हॅमरवालं हवं की बिनहॅमरचं?”

हॅमर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सुताराची हातोडी आली. भाचीने खुलासा केला, “मामा, घोडा.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रहस्यकथांत ‘त्याने पिस्तुलाचा घोडा दाबला’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं होतं आणि ज्याला बोट लागतं तोच घोडा, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. तर तसं नाही. बोटाखाली असतो तो चाप. घोडा मागच्या बाजूला बसलेला असतो, अंगठ्याजवळ. तो मागे ओढला की स्प्रिंग ताणली जाते. चाप दाबला की घोडा सुटून पुढे आपटतो, त्याच्या धक्क्याने एक सुई काडतुसाच्या बुडाशी असलेल्या छोट्या टिकलीवर बसते, टिकली पेटते, टिकलीने दारू पेटते आणि गोळी जाते. म्हणजे मूळ तत्त्व आमच्या दिवाळीच्या पिस्तुलाचंच. फक्त इथे टिकल्या फुसक्या निघत नाहीत.

बिनघोड्याच्या पिस्तुलात हा सगळा संसार आत असतो. स्प्रिंगवर ताणलेली सुई पोटात दबा धरून बसलेली, बाहेर काही नाही. गुळगुळीत पाठ. हा प्रकार जुनाच, पण त्याला खरा बाजार मिळवून दिला तो ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी. हे गृहस्थ त्याआधी पडद्याच्या दांड्या आणि तत्सम वस्तू बनवत. १९८२ साली त्यांचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने पसंत केलं. सांगाडा प्लॅस्टिकचा, सतरा गोळ्या, वजन रिकामं असताना साधारण साडेसहाशे ग्रॅम, प्रत्येक वेळी चापाला दाब सारखाच, आणि शिकायला सोपं. पुढे जगातल्या कितीतरी पोलिसांनी ते घेतलं. खुद्द अमेरिकन सैन्याने १९११ साली घोड्याचं कोल्ट स्वीकारलं होतं, १९८५ साली घोड्याचंच बेरेटा घेतलं, आणि २०१७ साली मात्र बिनघोड्याचं निवडलं. थोडक्यात, जग घोड्यावरून उतरलं आहे.

“मग आपणही बिनघोड्याचंच घ्यावं,” मी जगाच्या बाजूने मत दिलं. बहुमताबरोबर राहिलं की सल्ला चुकला तरी लाज वाटत नाही.

आजोबांनी मान हलवली. “खिशात किंवा कमरेला ठेवायचं असेल तर तो विचार वेगळा. बाईंना कागदावर नेम धरायचाय. त्याला घोड्याचं सुख वेगळं. घोडा चढवलेला असला की चाप हलका लागतो, थोडासा दाबला की काच तडकावी तसा एकदम सुटतो, त्यामुळे हात हलत नाही. सांगाडा पोलादी घ्या, एक किलोभर वजन असतं, धक्का कमी बसतो. आणि दुसरं म्हणजे, घोडा दिसतो. पिस्तूल चढलेलं आहे की उतरलेलं, हे लांबून कळतं.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मी हात बांधूनच विचार करू लागलो. आमच्या घराण्यात दोन प्रकारची माणसं झाली. वडील घोड्याचे. राग आला की आधी कानाची पाळी लाल व्हायची, मग चष्मा निघायचा, मग तो धोतराच्या सोग्याने पुसला जायचा. एवढ्या वेळात आम्ही पोरं शेजारच्या वाड्यात पोचलेली असायचो. धाकटे काका बिनघोड्याचे. नेहमी हसतमुख. त्यांनी हसत हसत कधी कोणाचं काय तोडलं, हे त्या माणसाला तिसऱ्या दिवशी कळे. मार आम्ही वडिलांचाच खाल्ला, पण भीती वाटायची ती काकांची. मी भाचीच्या कानात सांगितलं, “घोड्याचंच घे.”

आता घोडं अडलं ते कोणतं घ्यावं इथे. १९११ चं कोल्ट म्हणजे जॉन ब्राउनिंगच्या हातची चीज, पण त्यात दर वेळी घोडा आधी चढवावा लागतो. नुसता चाप ओढून काही होत नाही. बेरेटा देखणं, पण भाचीच्या पंजाला जाड. मग आजोबांनी एक काळं, साधंसुधं पिस्तूल काढून तिच्या हातात ठेवलं आणि तिचा चेहराच बदलला. साडीच्या दुकानात शंभर घड्या मोडून झाल्यावर एखादी घडी खांद्यावर टाकताच बायकांचा चेहरा बदलतो, तसा. ते होतं चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ७५. कौत्स्की नावाच्या दोघा भावांनी रचलेलं, १९७५ सालचं. साम्यवादी सरकारने त्याचे पेटंट गुप्त ठेवले होते. ते इतके गुप्त की परदेशात नोंदवलेच गेले नाहीत, आणि त्यामुळे इटलीपासून इस्रायलपर्यंत लोकांनी त्याच्या नकला बिनधास्त केल्या. गुपित फार सांभाळलं की ते गावभर होतं, याचा एवढा पक्का पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

या पिस्तुलाची एक खोड आजोबांनी सांगितली. घोडा उतरलेला असताना पहिली गोळी मारायची तर चापानेच घोडा मागे न्यायचा आणि चापानेच सोडायचा. त्याला बोटाने चारपाच किलोचा दाब द्यावा लागतो आणि चापही लांबवर ओढावा लागतो. पण ती गोळी सुटली की पिस्तूल आपल्याच झटक्याने घोडा परत चढवून ठेवतं. मग दुसरी, तिसरी, दहावी. सगळ्या साधारण दोन किलोत.

मी म्हटलं, हे पिस्तूल बनवणारा मनुष्य नक्की कुठल्यातरी कचेरीत नोकरीला असणार! मी स्वतः सदतीस वर्षं कचेरीत काढली. पहिली लाच घेताना माणसाचा हात कसा थरथरतो, हे मी शेजारच्या टेबलावर पाहिलेलं आहे. घाम येतो, पाकीट खाली पडतं, रात्री झोप नाही. पाचव्या वेळी तोच माणूस पाकीट मोजून घेतो. पहिलं खोटं, पहिला अपशब्द, बायकोच्या माहेरावरचा पहिला टोमणा, या सगळ्याला पाच किलो लागतात. पुढच्या प्रत्येकाची तयारी आधीच्याने करून ठेवलेली असते.

“पण एकदा चढलेला घोडा न झाडता खाली आणायचा असेल तर?” हा प्रश्न भाचीने विचारला.

आजोबा मिशीत हसले. याच पिस्तुलाचे दोन प्रकार असतात म्हणाले. एकात बाजूला खटका असतो तो घोडा चढलेलाच ठेवून कुलूप घालतो. दुसऱ्यात त्या जागी उतरवणी असते. उतरवणी हा शब्द माझा. त्यांनी जो वापरला तो इंग्रजी होता. रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून त्यांनी अंगठ्याने खटका दाबला, आणि ताणलेला घोडा सुईला न शिवता खाली येऊन बसला. ‘टक्’ असा आवाज झाला. बाकी काही नाही.

“नुसत्या नेमबाजीला कुलूपवालं बरं पडतं,” आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले. “घोडा चढवून ठेवायचा, कुलूप काढायचं, हलक्या चापाने मारायचं. उतरवणीवालं घेतलं तर उतरवल्यावर पुढची गोळी परत जड चापाची. नाहीतर मग अंगठ्याने घोडा परत चढवा.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. “मामा, कुठलं घेऊ?”

मी उद्या सांगतो म्हणालो. एवढ्या वर्षांच्या सल्ल्यागिरीत मी पहिल्यांदाच मुदत मागितली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाचीच्या कपाटात पिस्तुलांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक होतं, ते घेऊन मी स्वयंपाकघरात बसलो. दुपारी मी घोडा दिसणाऱ्या पिस्तुलाची नीतिकथा रचून मोकळा झालो होतो: दिसतं ते सज्जन, लपतं ते दुर्जन. पुस्तकाने आधी माझी पाठ थोपटली. १९१४ साली सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या, ज्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, ते पिस्तूल ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्याचं, बिनघोड्याचं. मी खूश. पण पुढे वाचलं तर घोड्याचं कोल्टही त्याच ब्राउनिंगचं. खुद्द बनवणाऱ्याने बाजू घेतली नव्हती. आणि मग ते पान आलं, जे येणार हे मला कळायला हवं होतं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत, संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल इटालियन, बेरेटा, १९३४ च्या नमुन्याचं. त्याला मागे घोडा होता. चांगला दिसणारा. झाडणारा माणूस माझीच भाषा बोलणारा होता.

मी पुस्तक मिटलं. घोडा दिसून काय उपयोग, धरणाऱ्याला उतरायचंच नसेल तर? माझी नीतिकथा फुसक्या टिकलीसारखी निघाली. लोखंड माणसाला सज्जन करीत नाही, एवढं साधं मला कळत होतं. पण मग त्या ‘टक्’ आवाजाने दुपारपासून माझा पिच्छा का सोडला नव्हता?

रात्री दोन वाजता, परक्या देशातल्या स्वयंपाकघरात, त्याचं उत्तर मला सापडलं, आणि ते फारसं शोभेचं नव्हतं.

२०१२ साली याच भाचीचं लग्न कोल्हापुरात झालं. वराच्या मिरवणुकीचा घोडा आणायची जबाबदारी माझ्याकडे होती. घोडेवाला दुसरं लग्न आटोपून येणार होता. नवरदेव वाट पाहून पाहून शेवटी चालत कार्यालयात पोचले, अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, आणि मग सजवलेला घोडा दारात हजर झाला. वरातीमागून घोडं ही म्हण मी प्रत्यक्ष अमलात आणून दाखवली. त्यावर दाजी व्याह्यांच्या देखत म्हणाले, “आमच्या मेहुण्यांना घोडा आणायला सांगितला, त्यांनी गाढवपणा आणला.”

झालं. दाजी हा मनुष्य चहात साखर किती हेही आक्काला विचारून सांगतो, हे साऱ्या गावाला ठाऊक. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “दाजी, घोड्याला निदान स्वतःचं मत असतं.”

व्याही हसले. वऱ्हाड हसलं. आचारी हसला. बँडवाला हसला. घोडासुद्धा खिंकाळला, असं लोक सांगतात. मुलीच्या बापाला मुलीच्याच लग्नात सगळे हसले. दाजींच्या हातातलं तबक हललं, ते मी पाहिलं. पाहिलं आणि तरीही मी हसत राहिलो, कारण टाळी पडली होती. त्या वाक्याला माझ्या जिभेला दोन किलोसुद्धा दाब लागला नव्हता. तोवरच्या आयुष्यातल्या शेकडो टाळ्यांनी घोडा आधीच चढवून ठेवला होता.

नंतर मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ‘आधी ते म्हणाले’ हा मुद्दा माझ्या बाजूला होता, आणि मुद्दा बाजूला असला की माणूस बारा बारा वर्षं घोड्यावर बसून राहतो. बसून पाठ दुखते, पण उतरायचं कसं हे माहीत नसतं. उतरायचं म्हणजे हरायचं, असं आपल्याला कोणीतरी लहानपणी सांगून ठेवलेलं असतं. राग आला तर गिळावा, असं पोथ्या सांगतात. राग आला तर ओकावा, असं हल्लीचे मनाचे डॉक्टर सांगतात म्हणे. आलेला, पुरता चढलेला राग कोणालाही न लागता खाली कसा ठेवावा, याचा खटका मात्र कुठे असतो हे मला कोणी दाखवलं नव्हतं. शस्त्र बनवणाऱ्यांना तो सुचला, आणि आम्हा सुसंस्कृत माणसांना सुचू नये!

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो. विकत घेण्याआधी भाड्याने मारून पाहायची तिथे सोय आहे. बंदुकीचा बार म्हणजे सुमारे एकशे साठ डेसिबल, त्यामुळे कानांवर डबे, डोळ्यांवर चष्मा, असा मंगळावरच्या माणसासारखा जामानिमा करून मी मागच्या बाकावर बसलो. हात अर्थातच मांडीखाली. समोर दहा यार्डांवर कागद टांगलेला. भाची उभी राहिली. पिस्तूल खालच्या दिशेला, बोट चापाबाहेर. मग हात वर गेला, स्थिर झाला. मी डोळे मिटले. बार झाला, माझं काळीज बाकावरून उडालं. आणखी चार झाले. सहाव्या वेळी हात वर गेला, स्थिर झाला, मी डोळे मिटून बसलो, आणि काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तिने खटका दाबून घोडा उतरवला होता, पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवलं होतं आणि ती नुसती उभी होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “का गं? बिघडलं होतं?”

“नाही मामा. श्वास जमला नाही. मग मारायचं कशाला? चांगले नेमबाज असंच करतात. हात वर गेला म्हणजे मारलंच पाहिजे असं थोडंच आहे?”

“सगळे बघत होते की.”

“बघू देत.”

पोरीने हे इतक्या सहज म्हटलं की मला तिच्या लग्नातला मी आठवलो. सगळे बघत होते, म्हणूनच तर मी मारलं होतं.

“उतरवणीवालं घे,” मी म्हणालो. “पुढची गोळी जड जाईल म्हणतात ते आजोबा. जाऊ दे जड. एकदा उतरल्यावर परत चढायला कष्ट पडले तर बिघडलं कुठे?”

तिने तेच घेतलं. पण घरी आणण्याआधी मी आक्काच्या वतीने एक अट घातली. पिस्तूल पोलादी तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्हीच्या किल्ल्या पोराला माहीत नाहीत अशा जागी. भाची म्हणाली तिजोरी तिने दोन महिन्यांपूर्वीच आणून भिंतीला ठोकून ठेवलीय. नातू जवळच उभा होता. त्याने मला हात धरून नेलं आणि तिजोरी दाखवली. “आजोबा, याला हात लावायचा नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. मी म्हटलं, “बाबा रे, मलाही नाही.” त्या घरात आम्ही दोघेच ओवळे.

एवढं करूनही माझं मन पुरतं निश्चिंत झालं असं म्हणणार नाही. एका किलोच्या त्या वस्तूला मी घरात जागा मिळवून दिली आहे, ही टोचणी राहिलीच. खटके माणसाच्या अंगठ्याखाली असतात. अंगठा कोणाचा, हे कारखाना ठरवीत नाही. राहू दे टोचणी. पाच किलोतले दोनेक किलो तरी तिचेच असतील.

१ ऑगस्टला पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेला रायफलमध्ये कांस्यपदक मिळालं. कांबळवाडी कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे त्या दिवशी कोल्हापूरकर झाले. आक्काला खबर द्यायला याहून चांगला मुहूर्त नाही, असा विचार करून मी फोन लावला. घंटा वाजली. फोन उचलला गेला.

“हॅलो,” दाजींचा आवाज.

नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मी ‘आक्काला द्या’ म्हणायला हवं होतं. माझा अंगठा फोनवर होता. मी तो कुठल्यातरी खटक्यासारखा घट्ट दाबून धरला.

“दाजी, मी बोलतोय.”

बराच वेळ काही नाही. हजारो मैलांचं अंतर आणि बारा वर्षं, एवढं सगळं त्या तारेत खरखरत होतं. मग तो खोकला.

“हं. घेतलं का तिने?”

“घेतलं.”

“तुम्ही वळवणार होतात म्हणे मन.”

“माझंच वळलं.”

“मला वाटलंच होतं,” दाजी म्हणाले. “कसलं घेतलं?”

मला उत्तर देता येईना. शब्द एकच होता आणि तो आमच्यामध्ये बारा वर्षं उभा होता. शेवटी म्हणालो, “घोड्याचं.”

पलीकडे शांतता. मी श्वास रोखला. पाच किलो, चार किलो, तीन किलो.

“मग,” दाजी म्हणाले, “वेळेवर आलं का यंदा?”